खेळ एक, किमती अनेक : व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानांतील किंमत-तुलनेचा इतिहास (१९९१ ते २०२४)

प्रास्ताविक

बाजारभावांची तुलना हा आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असा विषय आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारभावांवर देखरेख ठेवण्याचे काम असे आणि त्या काळचे निरख हे आजही अभ्यासाचे एक विश्वसनीय साधन मानले जाते. मात्र दोन ठिकाणच्या निरखांची तुलना करू पाहणाऱ्यास प्रथम अडचण येते ती मापांची. एका परगण्यातील पायली दुसऱ्या परगण्यातील पायलीइतकी असेलच असे नाही. भाव कळला तरी तो नेमका किती धान्याचा भाव आहे हे कळल्याशिवाय तुलना फसवी ठरते.

संगणकावरील व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही अडचण उद्भवूच नये असे सकृद्दर्शनी वाटते. पुण्यात उतरवून घेतलेला गेम आणि बर्लिनमध्ये उतरवून घेतलेला तोच गेम हे शेवटच्या अंकापर्यंत एकच असतात. त्यात कमी-अधिक प्रत नाही, नासाडी नाही, वाहतुकीचा खर्चही जवळजवळ नाही. एकाच खुल्या बाजारात एकाच वेळी एकाच प्रकारच्या वस्तूचे दोन भाव राहू शकत नाहीत, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८७१ मध्ये प्रतिपादिले होते. त्याच्या या नियमासाठी व्हिडिओ गेमहून आदर्श वस्तू शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात मात्र गेल्या तीन दशकांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. तो का, आणि त्यात ग्राहकाचे हित कोणत्या बाजूस होते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. येथे संगणक व कन्सोल यांवरील विकत घ्यावयाच्या गेमचाच विचार केला असून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हा संपूर्ण वेगळा विषय असल्याने तो वगळला आहे.

सीमा ओलांडणारी कॅसेट

ऑनलाइन दुकाने येण्यापूर्वीच्या एका प्रकरणापासून आरंभ करणे सोयीचे होईल, कारण पुढील सर्व वादांची बीजे त्यात आहेत. १९९० च्या दशकात निन्टेन्डो या जपानी कंपनीचे गेम कार्ट्रिजच्या स्वरूपात विकले जात. आपल्याकडे त्या वस्तूला मुले सरसकट ‘कॅसेट’ म्हणत. युरोपीय समुदायातील देशादेशांत या कॅसेटींच्या व यंत्रांच्या किमती फार भिन्न होत्या. ब्रिटनमधील भाव जर्मनी व नेदरलँड्सच्या तुलनेत ६५ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे युरोपीय आयोगाने नंतर नमूद केले. अशा परिस्थितीत कोणताही हुशार व्यापारी जे करील तेच झाले. ब्रिटनमध्ये माल घ्यावयाचा आणि जर्मनीत विकावयाचा, असा समांतर व्यापार सुरू झाला.

निन्टेन्डोने आणि तिच्या वितरकांनी हा व्यापार रोखण्याची व्यवस्था उभारली. आपल्या प्रदेशाबाहेर माल जाऊ न देण्याची जबाबदारी प्रत्येक वितरकावर टाकण्यात आली आणि जे व्यापारी निर्यात होऊ देत त्यांना कमी माल देणे अथवा माल देणेच बंद करणे, अशी शिक्षा होई. १९९१ ते १९९८ या काळात चाललेल्या या प्रकाराबद्दल आयोगाने ३० ऑक्टोबर २००२ रोजी निन्टेन्डो व सात वितरकांना मिळून १६ कोटी ७८ लाख युरोंचा दंड ठोठावला. त्यांपैकी सुमारे १४ कोटी ९० लाख युरो एकट्या निन्टेन्डोचे होते. २००९ मध्ये न्यायालयाने ही रक्कम कमी करून सुमारे ११ कोटी ९२ लाख युरो केली.

या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट दंडाच्या रकमेपेक्षा वेगळी आहे. कंपनीला आपल्या भावांतील तफावत टिकविण्यासाठी माणसांवर पाळत ठेवावी लागली. कोण कोठे माल पाठवितो याची चौकशी करावी लागली, पत्रव्यवहार करावा लागला आणि तोच पत्रव्यवहार पुढे पुरावा ठरला. वस्तू हातात घेऊन सीमा ओलांडता येत होती म्हणूनच हे सारे करणे भाग पडले.

तुलना करणारे यंत्र

महाजालावर दुकाने उघडू लागली तेव्हा अर्थशास्त्रज्ञांत मोठा आशावाद होता. जॉर्ज स्टिग्लरने १९६१ मध्ये असे दाखवून दिले होते की, एकाच वस्तूचे निरनिराळे भाव टिकून राहतात, कारण भाव शोधण्यास वेळ व श्रम लागतात. मग शोधण्याचे श्रमच नाहीसे झाले तर भाव एक व्हावयास हवेत, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. १९९५ मध्ये अँडरसन कन्सल्टिंगने ‘बार्गेनफाइंडर’ नावाचा एक प्रयोग केला. संगीताच्या सीडींच्या किमती निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांतून गोळा करून तो एकत्र दाखवी. काही दुकानांनी या यंत्राला आपल्या दारातच अडविले. केवळ भावावरून आपली पारख व्हावी हे त्यांना मान्य नव्हते. तुलनेचे यंत्र आणि तुलना टाळण्याची युक्ती ही जणू जुळी भावंडे म्हणून जन्माला आली.

एरिक ब्रिनयॉल्फसन व मायकेल स्मिथ यांच्या २००० मधील अभ्यासात पुस्तके व सीडी यांच्या ऑनलाइन किमती पारंपरिक दुकानांपेक्षा ९ ते १६ टक्क्यांनी कमी आढळल्या. परंतु ऑनलाइन दुकानांच्या आपापसांतील किमतींत पुस्तकांबाबत सरासरी ३३ टक्के व सीडींबाबत २५ टक्के इतके अंतर होते. म्हणजे भाव उतरले, पण एक झाले नाहीत. येथपर्यंतची चर्चा अद्याप डब्यात भरून येणाऱ्या वस्तूंची होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

वस्तूकडून परवान्याकडे

१२ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली. आरंभी तिचा हेतू स्वतःच्या गेमच्या सुधारित आवृत्त्या ग्राहकांपर्यंत पोहोचविणे एवढाच होता. २००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ प्रसिद्ध झाला तेव्हा दुकानातून डबा विकत आणणाऱ्यासही तो स्टीमच्या खात्यात नोंदवावा लागे. २००५ पासून इतर निर्मात्यांचे गेमही तेथे विकले जाऊ लागले. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील खरे वळण हेच आहे. ग्राहकाच्या हाती पडत होता तो गेम खेळण्याचा परवाना, आणि तो परवाना एका खात्याला व त्या खात्याच्या देशाला बांधलेला होता. कॅसेटीसाठी कंपनीला पहारेकरी नेमावे लागले होते. परवान्याच्या अंगातच पहारेकरी शिवून टाकलेला होता.

२००८ च्या डिसेंबरात स्टीमने युरोपात युरोमध्ये भाव दाखविण्यास सुरुवात केली तेव्हा अनेक गेमचे डॉलरचे आकडे जसेच्या तसे युरोचे झाले. त्या वेळी एका युरोस सव्वा डॉलरहून अधिक पडत असल्याने ही सरळसरळ भाववाढ होती आणि ग्राहकांनी त्यावर गदारोळ केला. तुलना अगदी सोपी होती, शेजारच्या दोन आकड्यांची. तिचा उपयोग मात्र काही नव्हता, कारण जर्मन ग्राहकाला अमेरिकी भावाने घेण्याची मुभाच नव्हती.

ही मुभा नसणे कायद्याच्या कसोटीला उतरते काय, हा प्रश्न युरोपीय आयोगापुढे पुन्हा आला. २० जानेवारी २०२१ रोजी आयोगाने व्हॉल्व्ह व पाच प्रकाशक कंपन्यांना एकूण ७८ लाख युरोंचा दंड केला. सप्टेंबर २०१० ते ऑक्टोबर २०१५ या काळात सुमारे १०० गेमचे संकेतांक प्रादेशिक कुलुपात बंद करण्यात आले होते. चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी, रुमानिया, स्लोवाकिया व बाल्टिक देश येथे स्वस्तात विकलेला संकेतांक पश्चिम युरोपात चालू होत नसे. व्हॉल्व्हने न्यायालयात स्वामित्व हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, आधार घेतला. २७ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. जास्तीत जास्त मोबदला मिळावा म्हणून बाजाराचे कृत्रिम तुकडे पाडणे हा या हक्काचा उद्देश नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

निन्टेन्डोचा आणि हा निर्णय एकत्र ठेवून पाहिले तर साम्य उघड आहे. भेद मात्र अधिक बोलका आहे. पहिल्या प्रकरणात दंड कोट्यवधींचा, दुसऱ्यात लाखांचा. पहिल्या निर्णयाने समांतर व्यापाराची वाट मोकळी झाली. दुसऱ्याने वितरकांनी विकलेल्या संकेतांकांपुरता प्रश्न सुटला. ३ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय भू-अडथळाविरोधी नियमावलीतही ई-पुस्तके व गेम यांसारख्या, केवळ डिजिटल रूपाने पुरविल्या जाणाऱ्या कृतींना महत्त्वाच्या तरतुदीतून वगळलेलेच होते.

याच काळात पोलंडमधूनच एक वेगळा प्रयोग झाला. जीओजी हे २००८ मध्ये सुरू झालेले दुकान आरंभी साऱ्या जगात एकच भाव लावी. पुढे नव्या गेमसाठी प्रकाशकांच्या प्रादेशिक किमती स्वीकारणे भाग पडल्यावर, २०१४ पासून अमेरिकी भावाहून अधिक दिलेली रक्कम ते ग्राहकाच्या खात्यात परत जमा करू लागले. हे औदार्य दुकानाच्या स्वतःच्या वाट्यातून येत होते. ३१ मार्च २०१९ नंतर ते बंद करण्यात आले.

रुपयातील भाव

आतापर्यंतच्या विवेचनावरून प्रादेशिक भाव म्हणजे ग्राहकावरील अन्याय, असा ग्रह होण्याचा संभव आहे. भारतातील वाचकाने तो तपासून घ्यावयास हवा.

आपल्या प्राध्यापकवर्गास याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. परदेशी प्रकाशकांची जी क्रमिक पुस्तके आपण भारतीय आवृत्तीत अल्प किमतीत घेतो, त्यांच्या मुखपृष्ठावर ही आवृत्ती अमुक देशांबाहेर विकू नये अशी सूचना असते. सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने थायलंडमध्ये स्वस्तात मिळणारी अशीच पुस्तके मागवून अमेरिकेत विकली. वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर खटला भरला. १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेले पुस्तक परदेशात छापलेले असले तरी ते पुन्हा विकण्याचा हक्क मालकास आहे, असे ठरले. निकाल ग्राहकाच्या बाजूचा, यात शंका नाही. पण अशाने गरीब देशांतील स्वस्त आवृत्त्याच बंद होतील ही त्या वेळी व्यक्त झालेली भीती अनाठायी म्हणता येत नाही.

गेमच्या बाबतीत भारतीय ग्राहकाचा प्रवास असाच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून डबा आणला तर त्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ती सर्व करांसह असते आणि तिच्याहून अधिक मागता येत नाही. डाउनलोडला वेष्टन नाही, म्हणून छापील किंमतही नाही. २०१५ च्या अखेरीपर्यंत स्टीमवर भारतीय ग्राहकाला डॉलरमध्येच पैसे मोजावे लागत. नंतर रुपयात भाव दिसू लागले आणि कित्येक गेमचे हे भाव डॉलरच्या सरळ रूपांतरापेक्षा कमी होते. हा भाव ठरवितो प्रकाशक. स्टीम त्याला केवळ शिफारस करते. त्यामुळे एकाच दुकानात शेजारी शेजारी असलेल्या दोन गेमपैकी एकाचा रुपयातील भाव भारतीय उत्पन्नाकडे पाहून ठरलेला, तर दुसऱ्याचा डॉलरला केवळ विनिमयदराने गुणून आलेला, असे दृश्य दिसते.

येथे तुलना करणाऱ्याने करांचाही विचार केला पाहिजे. युरोपातील दर्शनी भावात मूल्यवर्धित कर धरलेला असतो, अमेरिकेतील भावात विक्रीकर बहुधा शेवटी मिळविला जातो. भारतात १ जुलै २०१७ पासून परदेशातून ऑनलाइन पुरविल्या जाणाऱ्या अशा सेवांना १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. एका आकड्यात कर आहे आणि दुसऱ्यात नाही हे न पाहता काढलेला ‘स्वस्त’चा निष्कर्ष म्हणजे दोन परगण्यांच्या पायल्या एकच समजण्यासारखे होय.

अर्जेंटिना व तुर्की

स्वस्त भावाची भिंत कोसळते तेव्हा काय होते, याचे उदाहरण अर्जेंटिना व तुर्की या दोन देशांनी पुरविले. दोन्हीकडे चलन झपाट्याने घसरत होते आणि गेमचे स्थानिक चलनातील भाव त्या वेगाने वाढविले जात नव्हते. परिणामी डॉलरमध्ये हिशोब केला असता हे देश जगातील सर्वांत स्वस्त दुकाने ठरले. निरनिराळ्या देशांचे भाव एकाच तक्त्यात मांडणारी साधने तोपर्यंत सर्वांच्या हाताशी होती. तेव्हा श्रीमंत देशांतील ग्राहक आपण अर्जेंटिनात राहत असल्याचे भासवून तेथे खरेदी करू लागले. २०२१ मध्ये स्टीमने खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला. २०२२ च्या ऑक्टोबरात प्रकाशकांना सुचवावयाचे प्रादेशिक भाव तिने सुधारले, आणि त्यात या दोन देशांची वाढ फार मोठी होती. अखेर २० नोव्हेंबर २०२३ पासून पेसो व लिरा या चलनांतील विक्रीच थांबवून तेथे प्रादेशिक डॉलर-भाव लागू करण्यात आले.

व्हॉल्व्हने यासाठी विनिमयदरातील अस्थिरतेचे कारण दिले आणि ते खरेही आहे. पण परक्यांची खरेदी हे त्याहून गौण कारण होते असे मानणे कठीण आहे. इस्तंबूल किंवा रोसारिओ येथील विद्यार्थ्याने कोणतीही तुलना केलेली नव्हती. तुलना केली दुसऱ्याने, लाभ घेतला दुसऱ्याने आणि वाढीव भाव पडला याच्या पदरी. युरोपच्या एकसंध बाजारात सीमा ग्राहकाच्या विरुद्ध होती. उत्पन्नात मोठे अंतर असलेल्या जगात तीच सीमा गरीब ग्राहकाचे संरक्षण करीत होती. या दोन विधानांत विसंगती नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खिशांत किती अंतर आहे, यावर सारे अवलंबून आहे. रुपयातील भावाचे भवितव्यही याच प्रश्नाशी बांधलेले आहे आणि घरबसल्या परक्या देशाचा भाव मिळविण्याच्या युक्त्या अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस ते क्वचितच ठाऊक असते.

दुकानांची स्पर्धा आणि न उतरलेले भाव

देशादेशांतील तुलनेइतकी दुकानादुकानांतील तुलना फलदायी का ठरली नाही, याचा थोडक्यात निर्देश आवश्यक आहे. स्टीम सर्वसाधारणपणे विक्रीतील ३० टक्के वाटा ठेवते. ६ डिसेंबर २०१८ रोजी एपिक कंपनीने केवळ १२ टक्के वाटा घेणारे दुकान उघडले. त्याच्या काही दिवस आधी व्हॉल्व्हने एक कोटी डॉलरच्या पुढील विक्रीवर २५ व पाच कोटींच्या पुढील विक्रीवर २० टक्के असे टप्पे जाहीर केले होते. वाटा कमी झाल्यावर भाव उतरावयास हवेत. ‘मेट्रो एक्सोडस’ हा गेम २०१९ मध्ये एपिककडे गेला तेव्हा अमेरिकेत त्याचा भाव ५९.९९ वरून ४९.९९ डॉलर झाला खरा, पण हा पायंडा रूढ झाला नाही. बहुतेक नवे गेम दोन्ही दुकानांत एकाच दर्शनी भावाने विकले गेले. दुसरीकडे स्वस्त विकणाऱ्या निर्मात्यावर व्हॉल्व्ह दबाव आणते, असा आरोप करणारा दावा वुल्फायर या निर्मात्या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल केला. व्हॉल्व्हने तो नाकारला. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने या दाव्याला निर्मात्यांच्या सामूहिक दाव्याचे स्वरूप दिले. आरोप सिद्ध होवो वा न होवो, ग्राहकापुढे मात्र अनेक दुकाने आणि एकच भाव असे जेव्हन्सच्या नियमाचे विडंबन उभे राहिले.

यामुळे ग्राहकाने तुलनेची दिशाच बदलली. तो दुकानांऐवजी दिवसांची तुलना करू लागला. आजचा भाव आणि गेल्या दिवाळीतील, गेल्या उन्हाळी सवलतीतील भाव यांची तुलना करणारे आलेख आता सर्वत्र उपलब्ध आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास हे आलेख म्हणजे अनपेक्षित दप्तरच होय. दुकान स्वतः कालचा भाव पुसून आजचा लिहिते. खरेदीदारांनी आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या या नोंदी नसत्या तर कोणत्या वर्षी कोणत्या चलनात काय भाव होता हे सांगणे दुरापास्त झाले असते.

माप कोणते?

शेवटी पायलीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. ज्याचा भाव तोलावयाचा ते नेमके किती आहे? डबा विकत घेतला तर तो वापरून विकता येतो. परवाना विकता येत नाही. तो विकता यावा असा निकाल पॅरिसच्या न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१९ रोजी व्हॉल्व्हविरुद्ध दिला होता, पण २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फिरविला. २०१५ च्या जूनपासून स्टीमवर चौदा दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येऊ लागला. ही सोय नसलेल्या दुकानातील तोच भाव वस्तुतः अधिक मानावयास हवा. याउलट जीओजीवरील गेमला कुलूप नसते, तो उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो. हा फरक किंमतपत्रकात कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या २०१४ मधील गेमची सेवा बंद केली आणि पूर्ण किंमत मोजलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की, दुकानाने केवळ परवाना देत असल्याचे ग्राहकास स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. कायदा अमलात येण्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, स्टीमच्या देयकाच्या पानावर तशी ओळ दिसू लागली होती.

निन्टेन्डोने आपल्या ‘थ्रीडीएस’ व ‘वी यू’ या यंत्रांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. केवळ तेथेच विकल्या जाणाऱ्या गेमना त्या दिवसानंतर भावच उरला नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता कोणत्याही दुकानात विक्रीस उपलब्ध नाहीत. त्यांतील जे कॅसेटीच्या रूपात निघाले होते, ते जुन्या बाजारात हातोहाती फिरत आहेत आणि त्यांचा भाव विकणारा व घेणारा समोरासमोर ठरवितात.